पोलो जीटीला परवडणारे स्पोर्टी टायर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि साइडवॉलची कटकट

टायर घेताना सगळे नक्षी बघतात, किती किलोमीटर चालेल ते विचारतात आणि भावात घासाघीस करतात. साइडवॉलबद्दल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीबद्दल, कोणी चकार शब्द काढत नाही. मला मात्र दहा महिन्यांनंतर त्याच एका गोष्टीवर लिहायचं आहे, कारण वॉरंटीचा क्लेम नाकारल्याचा निरोप नुकताच आलाय आणि डोकं अजून तापलेलं आहे.

गाडी पोलो जीटी टीएसआय, एक लिटरची, 110 पीएसवाली. माप 195/55 आर16, म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के आणि रिम 16 इंची. रोजचं जाणं-येणं नाशिकात गंगापूर रोड ते अंबड, अधूनमधून मुंबई, आणि जमेल तेव्हा रविवारी पहाटे त्र्यंबक-जव्हार रस्त्याचे घाट. टायरच्या कंपनीचं नाव घेत नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही ब्रँडला लागू पडतं.

गाडीबरोबर आलेले मूळ टायर मी 38 हजार किलोमीटरच्या आसपास काढले. नक्षी शिल्लक होती, त्यामुळे घरात आणि ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं एकच, अजून वर्षभर ओढ. पण पाच वर्षांत रबर कडक झालं होतं. नख दाबलं तर खूण उमटायची नाही. ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटताना जरा जोरात पाय दिला की पुढची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत बसायचा. 175 न्यूटन मीटरचा टॉर्क पुढच्या दोनच चाकांवर येतो. तो रस्त्यापर्यंत पोचलाच नाही तर टर्बो इंजिनाला मोजलेले पैसे वाया गेले, असं माझं स्पष्ट मत आहे.

समर टायर म्हणून आपल्याकडे वेगळं काही मागावं लागत नाही. इथे मिळणारे कारचे जवळजवळ सगळेच टायर उन्हाळी रबराचे. तापमान सातेक अंशांखाली गेलं की ते रबर ताठरतं, म्हणून युरोपात हिवाळ्यासाठी दुसरा संच ठेवतात. आपल्याकडे निफाडचा पारा थंडीत कितीही खाली गेला तरी ती पहाटेपुरती गोष्ट. आपली खरी अडचण निवडीची आहे. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून बाहेरून येणारे अस्सल परफॉर्मन्स टायर दुर्मीळ झाले. पायलट स्पोर्ट, पोटेंझा ही नावं आपण चवीने वाचतो, पण 195/55 आर16 मध्ये ती मागितली की दुकानदार दुसराच टायर पुढे करतो. माझ्यापुढे मग दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे 17 इंची अलॉय लावून 215/45 चे टायर घालायचे. दुसरी म्हणजे 16 इंचावरच राहून भारतात बनलेला, पकडीकडे झुकणारा मधल्या किमतीचा टायर शोधायचा.

सतरा इंचाचा विचार मी फार काळ केला नाही. सध्या टायरच्या भिंतीची उंची आहे 195 च्या 55 टक्के, म्हणजे 107 मिलिमीटर. 215/45 मध्ये ती 97 वर येते. दहा मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत. पण सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर जे खोदकाम चाललंय, त्यातल्या एका अर्धवट बुजवलेल्या चरीतून गाडी काढून बघा, म्हणजे त्या दहा मिलिमीटरची किंमत कळते.

ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती सावकाश झिजतो ते सांगणाऱ्या, आकड्यावर मात्र बरीच डोकेफोड केली. हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी घेऊन छापते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नाही. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो कामाचा. ढोबळ मानाने 500 च्या पुढे टिकाऊ आणि कडक, 200 च्या खाली चिकट आणि लवकर संपणारा. मी 300 च्या घरातला घेतला. स्टार रेटिंगचं लेबल बघून भुलू नका, ते तारे इंधन बचतीचे आहेत, पकडीचे नाहीत.

आता पैशाचं, कारण मुळात मी काटकसरी माणूस. माझा टायर 8,200 रुपयांना एक, चारचे 32,800. टिकाऊ पर्याय 6,400 ला एक, चारचे 25,600. मऊ टायर 40 हजार किलोमीटर चालेल आणि कडक 55 हजार, असं धरलं तर एका किलोमीटरला 82 पैसे विरुद्ध 47 पैसे. फरक 35 पैशांचा. नाशिकात 2025 मध्ये पेट्रोल 104 रुपयांच्या आसपास होतं आणि गाडी शहरात तेराचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे पेट्रोललाच किलोमीटरमागे आठ रुपये जात होते. आठ रुपये निमूट मोजायचे आणि ब्रेक कुठे लागणार हे ठरवणाऱ्या रबरात 35 पैसे वाचवायचे, हा हिशोब मला पटत नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर साडेतीन हजार रुपये. तेवढे मी दुसरीकडे वाचवीन.

खरेदी एप्रिल 2025 मधली, म्हणजे 28 टक्के जीएसटीच्या काळातली. 22 सप्टेंबरला तो 18 वर आला. ज्यांना आत्ता घ्यायचे आहेत त्यांनी जुन्या भावाच्या याद्या दाखवणाऱ्या दुकानात थांबूच नये.

दुकानात पहिली ठिणगी तारखेवरून पडली. साइडवॉलवर 'DOT' ने सुरू होणाऱ्या कोडशेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारातल्या दोन टायरवर 0325 होतं, म्हणजे 2025 चा तिसरा आठवडा. उरलेल्या दोनवर 1923. "साहेब, गोडाऊनमध्ये सावलीतच होते, काही होत नाही," हे उत्तर. होत नसेल तर तेच टायर कमी भावात द्या म्हटल्यावर मालक गप्प झाले आणि दोन दिवसांनी चारही ताजे टायर आले. टायर चढवणारा पोरगा मात्र कामाचा निघाला. टायरवरचा पिवळा ठिपका त्याने न सांगता व्हॉल्व्हसमोर आणून बसवला. तो ठिपका टायरची सगळ्यात हलकी बाजू दाखवतो, आणि रिमची जड बाजू बहुधा व्हॉल्व्हची, त्यामुळे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. 'आउटसाइड' लिहिलेली बाजूही त्याने प्रत्येक चाकाला तपासली. नक्षी असममित असेल तर ती बाजू बाहेरच हवी, आणि घाईच्या दुकानात नेमकी इथेच गडबड होते. व्हॉल्व्ह चारही नवे टाकून घ्या, त्यात कंजुषी नको.

पहिले काही आठवडे मी नाराज होतो. कोऱ्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पापुद्रा असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, हे माहीत होतं. पण माझी तक्रार पकडीची नव्हतीच. स्टिअरिंग वळवलं की गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबायची आणि मग वळायची. मूळ टायर कितीही कडक झाले असले तरी त्यांना ही सवय नव्हती. याचं कारण साइडवॉल. वळणाचा जोर आला की मऊ भिंत आधी दुमडते आणि मग नक्षी रस्ता धरते. खड्ड्यांवर गाडी गादीसारखी चालत होती, घरचे खूश होते, आणि मी चालवताना दर वळणावर चिडत होतो.

मग हवेशी खेळ सुरू झाला. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करून हवेचा दाब एकेक पीएसआय वाढवत गेलो, आणि माझ्यापुरतं गणित 34 वर जमलं. त्याच्या वर गेलं की सिमेंटच्या रस्त्यावर गाडी टणाटणा उडते. हे मोजमाप सकाळी, टायर थंड असताना. मे महिन्यात समृद्धीवर 120 च्या मर्यादेत सिन्नरकडून शिर्डीपर्यंत गेलो तर तेच 34 चे 38-39 झालेले दिसतात. पंपावरचा माणूस लगेच "जास्त आहे दादा, काढतो" म्हणून नळी लावायला धावतो. काढू देऊ नका. गरम हवेचा दाब वाढणारच. तो कमी केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर 29-30 वर बसलेला असतो, आणि कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात टायर फुटतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. नायट्रोजनवर मी पैसे घालवत नाही. साध्या हवेत 78 टक्के तोच असतो.

जूनपर्यंत मत असं होतं की टायर आरामाचा आहे, स्पोर्टी गाडीचा नाही. पावसाळ्याने हे मत बदलायला लावलं. कसाऱ्याच्या घाटात धुवांधार पाऊस, समोर ट्रकचे लाल दिवे अचानक मोठे झाले आणि पाय ब्रेकवर कचकन गेला. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची ती परिचित थरथर येईल म्हणून मी तयार होतो, ती आलीच नाही. गाडी सरळ रेषेत, नाक खाली घालून थांबली. जुन्या टायरवर याच घाटात यापेक्षा कमी वेगाला पेडल पायाखाली थडथडलं होतं. पुढे त्र्यंबक रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जातानाही स्टिअरिंग हलकं पडलं नाही. चार रुंद सरळ खाचांमधून पाणी मागे फेकलं जातं आणि रबरातला सिलिका ओल्या डांबराला धरून ठेवतो, हे वाचलेलं होतं. पायाला कळणं वेगळं. त्या दिवसापासून 35 पैशांचा हिशोब माझ्यापुरता मिटला. नक्षी 3 मिलिमीटरवर आली की मी टायर बदलणार आहे. कायद्याचे 1.6 मिलिमीटर कोरड्या रस्त्याला ठीक, इगतपुरीच्या पावसात ते पुरत नाहीत.

आणि मग ऑक्टोबरात, पाणी भरलेल्या खड्ड्याच्या कडेवर पुढचं डावं चाक आदळलं. वेग जेमतेम चाळीस. रिमला ओरखडाही नाही. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना हाताला लागलं, साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा. आतले दोरे तुटले की हवेच्या दाबाने रबर तिथे बाहेर येतं. हा टायर दुरुस्त होत नाही. "पॅच मारून देतो, दोन वर्षं बघायला नको," असं सांगणारे दोन जण भेटले. त्यांचं ऐकू नका. तो फुगा समृद्धीवर फुटला तर गाडी तुमच्या हातात राहत नाही.

विकताना दुकानदाराने 'पाच वर्षांची वॉरंटी' हे शब्द बिलावर लिहून दिले होते. टायर तपासणीला गेला आणि मी स्टेपनीवर हिंडत राहिलो. फोन केला की "रिपोर्ट आला नाही सर" हे एकच वाक्य. शेवटी उत्तर आलं, आदळून झालेलं नुकसान, उत्पादनातला दोष नाही. आतल्या बाजूला दाबाची रेघ दिसते, हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, मी स्वतः पाहिली. पण मग विकताना ते का सांगत नाही? आपल्याकडे टायर खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण खड्डा, आणि नेमका तोच वॉरंटीबाहेर. काही कंपन्या ठरावीक मॉडेलवर मर्यादित मुदतीची, खड्ड्याचं नुकसानही धरणारी वॉरंटी देतात, तिची नोंदणी वेळेत करावी लागते. हे मला विक्रीच्या दिवशी सांगायला हवं होतं. मी लेखी तक्रार पुढे पाठवली आहे.

काढलेला टायर मांडीवर घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली. 'साइडवॉल: पॉलिएस्टर 1'. भिंतीत दोऱ्यांचा एकच थर. नक्षीखाली स्टीलचे दोन थर आणि वर नायलॉन, पण भिंत एकेरी. या वर्गातल्या बहुतेक टायरांचं असंच असतं. मापाशेजारी 87व्ही. 87 म्हणजे एका टायरला 545 किलोचा भार, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटर. याच मापात 91व्ही एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा टायरही बनतो, त्याचा भार 615 किलो. एक्सएलचा सांगाडा जास्त ताठ असतो. माझी दोन्ही दुखणी, वळताना होणारा उशीर आणि खड्ड्याला शरण जाणारी भिंत, तिथे कमी होतात. बदल्यात गाडी थोडी कडक चालते. दुकानात मला एकानेही विचारलं नाही की 87 हवा की 91. याचाच सगळ्यात जास्त राग आहे. 240 च्या वेगाचा टायर नाशिकमध्ये सगळे विकतात, पण भिंत किती ताठ आहे यावर बोलायला कोणी तयार नाही.

फुग्याच्या जागी त्याच पॅटर्नचा टायर घातला, नव्या जीएसटीमुळे 7,560 ला मिळाला. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळे टायर मला चालत नाहीत, आणि पुढचा उजवा टायर जेमतेम सात-आठ हजार किलोमीटर चाललेला होता म्हणून जोडी बदलावी लागली नाही. दोघांच्या नक्षीच्या खोलीत फरक 2 मिलिमीटरच्या वर असता तर दोन्ही बदलले असते.

हे रबर मी सोडणार नाही, पुढचा संचही याच वर्गातला. फक्त 91 एक्सएल नसेल तर दुकानातून परत फिरेन. तुमच्यापैकी कोणी 195/55 आर16 मध्ये एक्सएल घालून आपल्या बाजूला एक पावसाळा काढला असेल, तर खड्ड्यावर तो कितपत कडक लागतो आणि कुठल्या दुकानात मिळाला, ते जरूर लिहा.