सकाळी बेसबॉल, दुपारी किल्ले आणि मंदिरे : सहा दिवसांच्या उन्हाळी शिबिराचा अनुभव

गेल्या मे महिन्यात बेळगावातील एका छोट्या स्थानिक संस्थेने भरवलेल्या सहा दिवसांच्या शिबिरात आम्ही घरातले पाच जण सहभागी झालो होतो. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना सकाळी बेसबॉल शिकवायचा आणि न्याहारीनंतर मुले व पालक यांना एकत्र नेऊन बेळगाव जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळे दाखवायची, अशी त्या शिबिराची योजना होती. मुलामागे ६,५०० रुपये आणि मोठ्या माणसामागे ४,००० रुपये शुल्क होते. त्यात न्याहारी, दुपारचे जेवण आणि बसप्रवास धरलेला होता. माझा अकरा वर्षांचा मुलगा, सुटीत कोल्हापूरहून आलेली वन्संची बारा वर्षांची मुलगी, आम्ही दोघे आणि माझे सासरे असे आम्ही गेलो. पुढच्या सुटीत असा बेत करू इच्छिणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बेसबॉलचा भाग या शिबिरातला सर्वांत चांगला भाग आहे, हे आधीच सांगते. आमच्याकडची मुले गल्लीतल्या क्रिकेटवर वाढलेली असतात आणि त्यांच्या अंगात ज्या सवयी भिनलेल्या असतात त्या बेसबॉलमध्ये पहिल्याच दिवशी आड येतात. चेंडू मारल्यावर बॅट तिथेच सोडून धावायचे असते, पण आमचा मुलगा पहिले दोन दिवस बॅट हातात धरूनच पहिल्या बेसकडे, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या ठरलेल्या जागेकडे, पळत होता. क्रिकेटमध्ये चेंडू चारी बाजूंना मारता येतो. इथे होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, काटकोनात निघणाऱ्या दोन रेषांच्या आतच तो पडावा लागतो, त्यामुळे ज्या लेट कटचे शेजारी कौतुक करतात तो इथे सरळ फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा फटका, ठरतो. प्रशिक्षक यावर मुलांना एकदाही ओरडून बोलले नाहीत. त्यांनी फक्कीने आखलेल्या त्या दोन रेषांच्या मध्ये मुलांना उभे केले, बॅट न देता नुसते चेंडू कुठून कुठे जातात ते पाहायला लावले आणि मग एकेकाला बॅट दिली. चेंडूंचा फरकही त्यांनी दोन्ही चेंडू मुलांच्या हातात देऊन दाखवला: बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण घेराने किंचित मोठा असतो. आमची भाची कोल्हापुरात शाळेत सॉफ्टबॉल खेळते. तिला ग्लोव्हने झेल घेणे नवे नव्हते, पण खालून चेंडू टाकण्याची सवय मोडून वरून फेकायला तिला तीन दिवस लागले.

मैदानाची मापे लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या अमेरिकी संस्थेने लहान मुलांसाठी ठरवलेल्या नियमांप्रमाणे होती: दोन बेसमध्ये ६० फूट आणि पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, होम प्लेटपर्यंत ४६ फूट. मोठ्यांच्या खेळात हीच अंतरे ९० फूट आणि ६० फूट ६ इंच असतात. ही मापे मी मुद्दाम देत आहे, कारण लहान मुलाला मोठ्यांच्या अंतरावरून चेंडू फेकायला लावले की ते जिवाच्या आकांताने फेकते आणि त्याचा खांदा व कोपर दुखावतो.

याच बाबतीत प्रशिक्षकांची एक गोष्ट मला फार आवडली. चेंडू फेकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे ते वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी रेघ अशी मोजणी ठेवत, आणि तीस फेकी झाल्या की मूल कितीही रंगात आलेले असले तरी त्याला बदलत. लिटल लीगच्या नियमांत अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला ८५ आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ७५ फेकींची मर्यादा आहे, शिवाय जितक्या फेकी जास्त तितके विश्रांतीचे दिवसही वाढतात. इथली मुले नवखी असल्यामुळे प्रशिक्षकांनी त्याहून बरीच कमी मर्यादा ठेवली होती. वाढत्या वयात हाडांची टोके पक्की झालेली नसतात आणि तोच झटका पुनःपुन्हा बसला तर कोपराला कायमची इजा होऊ शकते, हे त्यांनी पालकांना पहिल्याच सकाळी एकत्र बसवून समजावून सांगितले.

साहित्याच्या बाबतीत मात्र संस्था कमी पडली. अठरा मुलांमध्ये सात ग्लोव्ह होते आणि ते सगळे उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे होते. माझा मुलगा डावखुरा आहे. त्याला एक तर उलट्या हाताने फेकावे लागे, नाही तर झेल घेतल्यावर ग्लोव्ह काढून त्याच हाताने चेंडू फेकावा लागे, आणि तोवर धावणारा पुढच्या बेसवर पोचलेला असे. नावनोंदणीच्या अर्जात मूल डावखुरे आहे का, एवढा एक प्रश्न असता तर हे टळले असते. हेल्मेट आणि कॅचरचे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचे, सामान मात्र पुरेसे आणि चांगल्या स्थितीत होते.

आता सहलींकडे वळते. पहिल्या दिवशी बेळगावचा किल्ला पाहिला. रोज समोरून जाणाऱ्या आम्हा बेळगावकरांनीही तो कधी नीट पाहिलेला नव्हता, हे मला त्या दिवशी जाणवले. किल्ल्यातील कमल बस्ती हे १२०४ मध्ये रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने बांधवलेले जैन तीर्थंकर नेमिनाथांचे मंदिर; त्याच्या छतातून खाली झुकलेले दगडी कमळ पाहताना मुले जमिनीवर उताणी झोपली आणि कुणीही त्यांना उठवले नाही. तिसऱ्या दिवशी टिळकवाडीतील वीरसौध हे काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक पाहिले. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनाचे, आणि ते डिसेंबर १९२४ मध्ये इथेच भरले होते. सासऱ्यांनी लहानपणी आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या आठवणी तिथे सगळ्या मुलांना सांगितल्या, आणि माहिती देणाऱ्या गृहस्थांनी मोठ्या अगत्याने त्यांना बोलू दिले. पाचव्या दिवसाचा गोकाकचा धबधबा मे महिन्यात दाखवण्यात अर्थ नाही. घटप्रभेला तेव्हा पाणी नसते, उघडा खडक आणि झुलता पूल एवढेच दिसते. करदंट ही तिथली प्रसिद्ध मिठाई घेऊन आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवसाविषयी मला मनापासून तक्रार करायची आहे. सकाळी सव्वासहापासून पावणेनऊपर्यंत मुले मैदानावर होती. त्यानंतर उप्पीट खाऊन बस निघाली आणि त्या एका दिवसात कित्तूर, देगाव, नंदगड आणि हलशी अशी चार ठिकाणे उरकण्यात आली. कित्तूरच्या किल्ल्यात आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला, ती हकिकत तिथल्या मार्गदर्शकांनी कन्नडमधून फार तन्मयतेने सांगितली. आमची मुले शाळेत कन्नड शिकतात, त्यामुळे त्यांना ती कळली आणि कोल्हापूरच्या भाचीला माझा मुलगा मराठीत सांगत गेला. वाड्याच्या पडक्या भिंतीत ध्रुवतारा पाहण्यासाठी ठेवलेले गोल भोक प्रत्येक मुलाला डोळा लावून पाहायचे होते. रांग निम्मी झाली असतानाच बसचा भोंगा वाजला आणि मागची आठ-नऊ मुले न पाहताच परतली. देगावचे कमलनारायणाचे मंदिर पंधरा मिनिटांत संपवले. नंदगडला, जिथे १८३१ मध्ये राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांना फाशी दिली गेली, तिथे बसमधूनच नमस्कार करा असे सांगण्यात आले. सासऱ्यांनी आग्रहाने बस थांबवून घेतली म्हणून काही जण खाली उतरले. हलशीला पोचेपर्यंत निम्मी मुले झोपी गेली होती. भाकरी, झुणका आणि ताकाचे जेवण उत्तम होते, परंतु ते दुपारी तीन वाजता मिळाले आणि पिण्याच्या पाण्याचा एकच कॅन त्याआधीच संपला होता.

जी संस्था मुलाच्या हाताने किती चेंडू फेकायचे हे वहीत रेघा मारून मोजते, तिने त्याच मुलाच्या पायांनी आणि डोळ्यांनी एका दिवसात किती सोसायचे हेही मोजायला हवे होते. मी हे संचालकांना सहाव्या दिवशी स्पष्ट सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि लिहून घेतले. माझी सूचना अशी आहे की लांबच्या सहलीच्या दिवशी सकाळचा खेळ ठेवू नये, निघण्याची वेळ सहाची करावी, गोकाक पूर्णपणे वगळून तो दिवस हलशी आणि देगावला द्यावा, आणि कित्तूर व नंदगड एका वेगळ्या दिवशी सावकाश दाखवावे.

शेवटच्या दिवशी दोन संघांचा सहा इनिंगचा सामना ठरला होता. चौथ्या इनिंगमध्ये वळीव आला, फक्कीच्या रेषा वाहून गेल्या आणि खेळ थांबला. तोवर माझ्या मुलाने एकदा बॅट जागेवर टाकून पहिला बेस गाठला होता, आणि भाचीने सलग दोन फलंदाज बाद केले होते. एकंदर विचार करता मुलांच्या खेळासाठी हे शुल्क मला योग्य वाटते. सहलींसाठी मात्र, वर सुचवलेले बदल होत नाहीत तोवर, मोठ्यांचे पैसे न भरता फक्त मुलांना पाठवावे असे मी सुचवीन. डावखुऱ्या मुलाच्या पालकांनी ग्लोव्ह स्वतःचा न्यावा.

भाची कोल्हापूरला जाण्याआधीच्या रविवारी आम्ही आमच्या गाडीने पुन्हा हलशीला गेलो आणि भूवराह नरसिंह मंदिरात पहाटेच पोचलो. तिथे समोरासमोर दोन गाभारे आहेत, एकात वराह आणि दुसऱ्यात नारायण. मुले मधल्या मंडपात बराच वेळ उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. मग भाची हळूच म्हणाली, ‘‘मामी, पिचर आणि कॅचर असेच एकमेकांकडे बघतात ना?’’ आणि दोघांनी पावले टाकत ते अंतर मोजायला सुरुवात केली.