घर आवरायचं कसं: खोलीनुसार की वस्तूंनुसार?

घरात दोन लहान मुलं आणि मोकळा काय तो रविवार. अशा एका मैत्रिणीने परवा विचारलं, एकेक खोली हातात घेऊ, की आधी घरातले सगळे कपडे, मग सगळे कागद, असं करू?

वेळेच्या हिशेबात खोलीची पद्धत सरळ पुढे आहे. एक खण उपसायला अर्धा तास पुरतो आणि मध्येच उठावं लागलं तरी घर विस्कटत नाही. वस्तूंनुसार आवरताना सगळ्या कपाटांतले कपडे एकाच पलंगावर येतात. झोपायच्या आत तो ढीग हलवावाच लागतो.

पण खरी छाटणी त्या ढिगातच होते. माझ्याकडे कात्र्या निघाल्या ५: शिवणाच्या डब्यात २, स्वयंपाकघरात १, मुलांच्या खणात २. खोलीनुसार आवरायचे तेव्हा प्रत्येक ठिकाणी 'एखादी लागतेच' म्हणून ती परत आत जायची. शेजारी-शेजारी मांडल्यावर ३ बाजूला काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. शिवाय वस्तूची जागा एकच ठरते, त्यामुळे पसारा लवकर परतत नाही.

खर्च दोन्हीत नाही. डबे-टोपल्या मात्र आधी आणू नका. काय उरतंय ते कळल्याशिवाय माप कसं कळणार?

वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल तर खोलीनुसार. घर बदलायचं असेल, किंवा असलेलीच वस्तू पुन्हापुन्हा विकत आणली जात असेल, तर वस्तूंनुसार. मैत्रिणीला मी खोलीच सुचवली. फक्त औषधं सगळ्या घरातली एकदम काढ म्हटलं. मुदत संपलेल्या गोळ्या तेव्हाच सापडतात.