14 महिने, 31,000 किलोमीटर आणि पॉलिसीतली बॅटरीची ती एक ओळ

माझ्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगतो. अमळनेर-धरणगाव-जळगाव असं माझं रोजचं अपडाउन. पेट्रोलवर महिन्याला चौदा-पंधरा हजार जायचे, आता घरच्या वीजबिलात साडेतीन-चार हजारांची भर पडते. जळगावच्या मे महिन्यातही रेंजने दगा दिला नाही. भर दुपारी चार्जिंग टाळून पहाटे लावायचो, एवढंच. लिहायला बसलोय ते विम्यासाठी.

जानेवारीत धरणगावच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. पुढच्या डंपरमधून डबराचा दगड पडला आणि ब्रेक दाबेपर्यंत गाडीखाली गेला. खाडकन आवाज. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, गाडी चालत होती. टपरीवरचा पोरगा म्हणाला, "भो, तशीच नका दामटू, आधी खालून बघा." त्याचं ऐकलं, फ्लॅटबेडवर टाकून जळगावला नेली.

लिफ्टवर चढवल्यावर मी खालीच उभा होतो. मेकॅनिकने मोबाइलचा टॉर्च मारला. प्लास्टिकचा गार्ड फाटलेला आणि त्याच्या वर बॅटरीच्या पेटीला तळहाताएवढा पोचा. बोट फिरवून पाहिलं, जेमतेम नखभर खोल. बोल्टांच्या खाचांत काळी माती वाळून घट्ट बसलेली. या पोच्याचं एस्टिमेट आलं 4,62,000 रुपये. बॅटरीचा पॅक उघडून आतलं एखादं मॉड्यूल (सेलचा गट) बदलायची सोय इथे नाही, म्हणून सरळ अख्खा पॅक नवा.

वॉरंटी 8 वर्षांची आहे, पण ती बॅटरीच्या अंगच्या बिघाडाला. बाहेरून बसलेल्या माराला नाही. मग विमा. विम्यासाठी नुकसान तपासायला आलेल्या सर्वेअरने पॉलिसीचं पान काढून ओळीवर बोट ठेवलं: रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर घसारा (वापराने किंमत घटली म्हणून भरपाईतून होणारी कपात) 50 टक्के. दुसऱ्या वर्षातल्या गाडीच्या लोखंडी बोनटावर 10 टक्के आणि बॅटरीवर सरळ निम्मा. म्हणजे 2,31,000 माझ्या खिशातून.

ही ओळ दोन दिवस डोक्यातून गेली नाही. जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीविम्याच्या नियमावलीत, ती लिहिली गेली तेव्हा बॅटरी म्हणजे बोनटखालची 12 व्होल्टची, चार-पाच हजारांत मिळणारी वस्तू. तिचं आयुष्य तीन-चार वर्षं, म्हणून निम्मा घसारा रास्त होता. माझ्या गाडीत बॅटरी हा गाडीच्या किमतीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग आहे. शब्द तोच राहिला, वस्तू पार बदलली.

चूक माझीही झाली. नूतनीकरणाला एजंटकाकांनी झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, सुचवलं होतं. 4,900 रुपये वाचवायचे म्हणून मीच काढायला लावलं. तोवर इलेक्ट्रिकचा विमा स्वस्त असतो हेच डोक्यात होतं, कारण थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा) 15 टक्के सवलत मिळते. प्रत्यक्षात ती सवलत किती? जून 2022 पासूनच्या दरांत 1000 ते 1500 सीसी पेट्रोल गाडीला वर्षाला 3,416 रुपये, 30 ते 65 किलोवॉटच्या इलेक्ट्रिकला 2,904. फरक 512 रुपये. खरा पैसा ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, जातो आणि तो बॅटरीमुळेच चढतो. पत्रा ठोकून सरळ होतो, पॅक होत नाही. विमा कंपनी एका पोच्यामागे चार-पाच लाखांची जोखीम धरते, मग प्रीमियम कमी कसा राहील?

इथवरचं गाडी वर्कशॉपमध्ये पडून होती तेव्हा लिहिलं. तीन आठवड्यांनी चित्र बरंच बदललं.

अख्खा पॅक बदलण्याच्या कागदावर मी सही दिली नाही. आधी तपासा, खराब काय झालंय ते लेखी द्या, असं धरून बसलो. सर्वेअरनेही तेच सांगितलं, आणि पहिल्या दिवशी मी त्यांच्यावर आवाज चढवला होता हे आठवून वाईट वाटलं. नाशिकहून इंजिनिअर आला. सेलचे व्होल्टेज, इन्सुलेशन, कूलंटची गळती, पेटीची सीलिंग, सगळं तपासलं. सगळं ठीक निघालं. नवा गार्ड, मजुरी, तपासणी धरून बिल झालं 11,300.

आता क्लेम करायचा की नाही? वही घेऊन हिशोब मांडला. प्लास्टिकवर पुन्हा निम्मा घसारा, शिवाय सक्तीची वजावट (दर क्लेमला आपणच भरायची ठरावीक रक्कम). हातात पाचेक हजारच येणार. क्लेम घेतला की 20 टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शून्यावर, नाही घेतला तर पुढच्या वर्षी 25. ओन डॅमेजचा प्रीमियम सतरा हजारांच्या घरात आहे, त्यावर चार हजारांहून जास्त एका वर्षातच जातात आणि पुढच्या वर्षांची पायरीही खाली येते. क्लेम मागे घेतला, बिल स्वतः भरलं.

ज्यांची गाडी अजून पहिल्या वर्षात आहे त्यांनी आपली पॉलिसी आजच उघडून बघा. पहिल्या वर्षी शोरूमवाले बहुतेक झीरो डेप लावूनच देतात, म्हणून ही ओळ नजरेत येत नाही. बॅटरीचं वेगळं कव्हरही मिळतं. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज वाढून झालेलं नुकसान किंवा पाणी शिरून झालेलं शॉर्ट सर्किट त्यात बसतं का, ते विचारा. आमच्याकडे रात्री लाइट जाते-येते तेव्हा दाब किती उसळतो ते फ्रिज जळालेल्या माणसाला माहीत आहे.

एजंटकाकांना आत्ताच सांगून ठेवलंय: यंदा झीरो डेप आणि बॅटरी कव्हर दोन्ही. मात्र बॅटरी म्हणजे खालचा मोठा पॅक आणि सोबत घरचा चार्जर, हे पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) छापून आलं तरच चेक फाडेन.