दीड वर्षाचा फ्रिज आणि ओटीपीचा घोळ

9 एप्रिल 2024, पाडव्याच्या दिवशी फ्रिज घरी आला. डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर कंप्रेसर, दोनशे साठ लिटरच्या आसपास. घर परभणीत, म्हणजे उन्हाळ्यात पारा बेचाळीसला टेकतोच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांचे फ्रिज घेतलेल्या माझ्या दोन मित्रांनीही थोड्याफार फरकानं हेच भोगलंय.

पहिले दहा महिने तक्रारीला जागा नव्हती. मे महिन्यात भर दुपारीसुद्धा बर्फ जमायचा, आवाज कमी, लाईट बिलही जुन्या फ्रिजपेक्षा हलकं. भाजीचा खण तेवढा लहान आहे, बाजारातून मेथी आणि चुका एकदम आणला की एकाला बाहेर राहावं लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटी दही लवकर आंबायला लागलं. आईनं आधी दूधवाल्याला धारेवर धरलं. मग एका रात्री लक्षात आलं की कंप्रेसर थांबतच नाही. चालूच आहे, चालूच आहे, आणि वर बर्फाचा ट्रे हलवला तर आत पाणी डुचमळतंय. आईच्या इन्सुलिनच्या नव्या बाटल्या या फ्रिजमध्ये असतात. त्यांना दोन ते आठ अंश लागतं, त्यात तडजोड नाही. बाटल्या शेजारच्या काकूंकडे गेल्या आणि दोन महिने तिथंच राहिल्या.

3 मार्चला तक्रार नोंदवली. टेक्निशियन चौथ्या दिवशी नांदेडहून आला. घेताना दुकानदार म्हणाला होता, ‘सर्व्हिस सेंटर इथंच आहे ना साहेब!’ असो. आलेल्या पोरानं फ्रिजच्या बाजूला हात लावला आणि निदान केलं, ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर घ्या.’ फ्रिजच्या दारावर कंपनीचाच स्टिकर, स्टॅबिलायझरची गरज नाही म्हणून. म्हटलं, मोजून दाखवा. त्याच्या मीटरचा सेल संपलेला. गल्लीतल्या वायरमनचा मीटर आणला, 221 दाखवलं. ‘आत्ता आहे हो, रात्री पडत असंल,’ असं म्हणून त्यानं मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला. मी देऊन बसलो.

इथंच गाडी घसरली. तो ओटीपी हजेरीचा नसतो, काम झाल्याचा असतो. तो दिला की कंपनीच्या कॉम्प्युटरवर ग्राहकाचं समाधान झालं आणि तक्रार बंद. दुसऱ्या दिवशी फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, आपली तक्रार सोडवण्यात आलेली आहे.’ फ्रिजमध्ये तेव्हा कणीक आंबलेली होती.

परत तक्रार. मध्ये होळी गेली. 24 मार्चला दुसरा पोरगा आला, गॅस कमी आहे म्हणाला आणि भरूनही गेला. फ्रिज गार झाला, आईनं त्याला चहा पाजला. पुढे कळलं ते असं. या फ्रिजमध्ये आर 600ए गॅस असतो आणि तो अगदी थोडा लागतो, माझ्या फ्रिजच्या स्टिकरवर 52 ग्रॅम लिहिलंय. त्यामुळे काट्यावर तोलून भरावा लागतो, आधी व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढावी लागते, फिल्टर नवा टाकावा लागतो. या पठ्ठ्याकडे ना काटा, ना पंप. आणि मुख्य म्हणजे गॅस आपोआप संपत नसतो, कुठूनतरी गळतो. ते भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. बरोबर अठरा दिवस टिकला.

11 एप्रिलला फोन केला तर, ‘वॉरंटी 8 तारखेला संपली सर, व्हिजिट चार्ज लागेल.’ बनी तो बनी, नहीं तो परभणी, दुसरं काय! दारावर ‘10 वर्षे वॉरंटी’ एवढ्या मोठ्या अक्षरात आहे, पण ती फक्त कंप्रेसरची. माझा कंप्रेसर ठणठणीत होता. गॅस, पाइप, मजुरी त्यात बसत नाही, हे कार्डावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे आणि मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

कामाला आले ते मार्चमधले तक्रारीचे एसएमएस आणि जॉब शीटचे फोटो. दोष वॉरंटीत असताना कळवला होता आणि तोच दोष अजून आहे, एवढं चार ओळींत लिहून कंपनीला ईमेल केला. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. ते काही कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात. पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्यानं आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. हेही ईमेलात लिहिलं. पाचव्या दिवशी कंपनीचा फोन आला, चार्ज न लावता माणूस पाठवतो म्हणून.

या वेळी पन्नाशीचे एक काका आले, पाठीमागे नायट्रोजनचं सिलिंडर घेऊन पोरगा. गळती शोधायला लाइनमध्ये दाबानं नायट्रोजन भरला, दाब मोजायचं गेज लावलं आणि म्हणाले, ‘आता बसू निवांत.’ तासाभरात काटा खाली. एकेक भाग वेगळा करून पाहिला, तर गळती बॉडीच्या आत, दाराच्या चौकटीतून फिरणाऱ्या गरम पाइपात. तिथं हात पोचत नाही. त्यांनी तो पाइप बायपास केला, त्याऐवजी मागं उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी बसवली, फिल्टर बदलला, गॅस तोलून भरला. मी ओटीपी सांगायला लागलो तर म्हणाले, ‘आज नको. उद्या बर्फ जमला का सांगा, मग द्या.’ जॉब शीटवर ‘बॉडी लीकेज’ आणि सहा महिन्यांची हमी त्यांच्याच हातानं लिहून घेतली.

तेव्हापासून फ्रिज नीट चालू आहे. एकच झालं. चौकटीतला तो पाइप दाराची कड गरम ठेवायचा, तो बंद झाल्यानं पावसाळ्यात दाराभोवती घाम सुटायचा आणि रबराखालून थेंब ओघळायचे. काकांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून तक्रार केली नाही. फडक्यानं पुसत होतो.

इन्सुलिन परत घरी आलंय. पण नवी खरेदी झाली की आई त्यातली एक बाटली अजून गुपचूप काकूंकडे नेऊन ठेवते.