‘परदेशात सर्रास टाकतात’ म्हणत शेतात उतरवलेला कारखान्याचा गाळ

फुकट खताच्या नावाखाली शेतात कारखान्याचा गाळ ओतून जाणारी माणसं धडधडीत खोटं बोलतात असं नाही. आम्हाला गंडवणारा एजंट तर बरंचसं खरंच बोलत होता. नियमातलं सोयीचं वाक्य सांगायचं आणि त्याला जोडून आलेली अट गिळून टाकायची, ही त्याची हातोटी. म्हणून घडलेलं सांगता सांगता त्या गिळलेल्या अटीही इथे लिहितो. पुढचा माणूस तुमच्या बांधावर आला की त्याही उपयोगी पडतील.

“काका, माल शंभर टक्के सेंद्रिय आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया झाली की खाली उरतो तो गाळ. अमेरिका, युरोपात शेतकरी सर्रास टाकतात,” असं तो वडिलांना म्हणाला. मला म्हणाला, “दादा, मोबाइल आहे ना हातात, बघून घ्या.” बघितलं, तर खरंच टाकतात. युरोपात त्यासाठी 1986 चा निर्देश आहे, अमेरिकेत 1993 चा नियम. पण हे दोन्ही नियम मुख्यतः शहरी मैलापाण्याच्या गाळासाठी आहेत. अमेरिकेच्या नियमात तर कारखान्याच्या स्वतःच्या केंद्रात औद्योगिक सांडपाण्यातून निघणारा गाळ चक्क वगळला आहे. म्हणजे ज्या नियमाच्या जोरावर तो माल खपवत होता, त्या नियमात त्याचा माल बसतच नव्हता.

औद्योगिक गाळ कधीच शेतात टाकता येत नाही, असं मी म्हणत नाही. कागद किंवा दुग्ध उद्योगातला गाळ तपासणी आणि परवानगीनंतर अनेक ठिकाणी वापरतात. पण धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचा गाळ निराळा, चामडं कमावणाऱ्याचा निराळा. “कुठल्या कारखान्याचा?” या प्रश्नावर “चांगल्या कंपनीचा आहे हो” एवढंच उत्तर मिळत असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं.

नमुना म्हणून जो पहिला डंपर आला, त्यातला माल काळा, भुसभुशीत, मातकट वासाचा होता. वडिलांनी मूठभर हातात घेऊन दाबून पाहिला, समाधान झालं. बाकीचे डंपर अंधार पडल्यावर आले. सकाळी पाहिलं तर ढिगांचा रंगच वेगळा, करडा आणि मधूनमधून हिरवट निळसर पट्टे. फावडं घातलं की चिकटून बसायचा, झटकला तरी सुटायचा नाही. दोन ऊन खाल्ल्यावर वरचा थर खपल्या धरून कडेने वळला आणि खपल्यांच्या काठावर पांढरी भुकटी फुलली. ते मीठ होतं. प्रक्रियेत वापरलेल्या रसायनांतले क्षार गाळात उरतात. त्यात सोडियम जास्त असेल तर चांगली जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, व्हायला वेळ लागत नाही.

हे विचारायला एजंटाला फोन केला तर म्हणाला, “आजच्या आज रोटाव्हेटर फिरवून घ्या, उघडा ठेवला तर वास मारेल, माश्या होतील.” हेही खरंच आहे बरं का. अमेरिकेच्या नियमात जमिनीवर पसरलेला गाळ सहा तासांत मातीत मिसळणं ही माश्या आणि उंदीर दूर ठेवायची एक मान्य रीत आहे. पण गाळ एकदा मातीत मिसळला की पुरावाही मिसळला, आणि खरवडून उचलायची सोयही संपली. त्याची घाई त्यासाठीच होती. आमच्या रानाचा खालच्या अंगाचा एक पट्टा वाफशावर नव्हता, ट्रॅक्टर रुतला म्हणून तेवढा राहून गेला. पुढे जे काही सिद्ध करता आलं ते त्या पट्ट्यामुळेच.

पेरलेलं उगवलं ते ठिगळ लावल्यासारखं. जिथे ढीग होते तिथे मोठाले टक्कल, कडेला पिवळी रोपं. एजंट म्हणाला, “नत्र ओढलंय, युरिया मारा.” पुन्हा अर्धं खरं! कार्बन जास्त आणि नत्र कमी असलेला गाळ, उदाहरणार्थ कागद कारखान्याचा, कुजताना मातीतलं नत्र काही काळ अडकवून ठेवतो आणि पीक पिवळं पडतं. पण त्यात बी करपून जात नाही. आमच्याकडे बियाणं उकरून पाहिलं तर कोंब काळे पडलेले होते. हे क्षारांचं काम.

आता रिपोर्टाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी मेख तिथे आहे. त्याने दिलेला कागद प्रयोगशाळेचा होता, शिक्का खरा होता. त्यात सामू (pH, म्हणजे आम्लता किती ते), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश होतं. जड धातूंचा रकानाच नाही. युरोपच्या निर्देशात गाळाच्या तपासणीत कॅडमियम, तांबं, निकेल, शिसं, जस्त, पारा आणि क्रोमियम हे धरावेच लागतात, तपासणी किमान दर सहा महिन्यांनी करावी लागते आणि गाळ निर्माण करणाऱ्याने ती माहिती वापरणाऱ्याला द्यावी लागते. आमच्या कागदावरची तारीख सहा महिन्यांच्या कितीतरी पलीकडची होती. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘नमुना ग्राहकाने आणून दिलेला’. प्रयोगशाळा खोटी नव्हती, तिने समोर आलेली पिशवी तपासली. ती पिशवी कुठल्या ढिगातली, हे तिला कुठून कळणार?

धातूंचा रिपोर्ट पाहिजेच म्हणून हट्ट धरल्यावर दुसरा कागद आला. त्यात जस्त 900 मिलिग्रॅम प्रति किलो. मर्यादेच्या किती आत, पाहा! युरोपची गाळातल्या जस्ताची मर्यादा 2,500 ते 4,000 आहे. पण ती मर्यादा सुक्या वजनावर असते, आणि या कागदावरचा आकडा ओल्या मालावर काढलेला होता. ओलावा 78 टक्के, म्हणजे एका किलोत सुका माल 220 ग्रॅम. 900 ला 0.22 ने भागा, 4,090 च्या आसपास येतात. वरची मर्यादाही ओलांडली. कुठलाही रिपोर्ट हातात आला की आधी आकडे सुक्या वजनावरचे आहेत का ते बघायचं. तसं लिहिलेलं नसेल तर ओलाव्याची टक्केवारी मागायची आणि भागाकार स्वतः करायचा.

आणि गाळ मर्यादेत बसला तरी गोष्ट संपत नाही, मातीही तपासावी लागते. आम्लधर्मी मातीत बहुतेक धातू जास्त सुटे होतात आणि मुळांना लागतात. म्हणूनच युरोपने मातीच्या मर्यादा सामू 6 ते 7 धरून घातल्या, त्याहून कमी सामूच्या जमिनीत गरज पडल्यास त्या आणखी कडक करायला सांगितलं. चुना मिसळलेला गाळ सुरुवातीला निरुपद्रवी वाटतो तो याचमुळे. पुढे सामू उतरला की आतला धातू मोकळा होतो. तांबं, निकेल, जस्त जास्त झालं तर पीक तरी रडून सांगतं. कॅडमियमचं तसं नाही. रोप हिरवंगार दिसतं आणि पानात कॅडमियम भरलेलं असतं. धातू कुजत नाहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या जमिनीतच राहतात.

प्रमाणाचं तर विचारूच नका. “जितकं जास्त तितकं चांगलं” हे त्याचं पालुपद. वास्तविक अमेरिकेत पिकाला लागणाऱ्या नत्राच्या हिशेबानेच गाळ टाकायची अट आहे, पाण्याच्या प्रवाहापासून 10 मीटर अंतर सोडावं लागतं. जंतू पूर्ण न मेलेला, तिथल्या नियमातल्या ‘बी’ वर्गाचा गाळ असेल तर जनावरं 30 दिवस चारायची नाहीत, आणि जमिनीखाली वाढणारं पीक काढायला गाळ टाकल्यापासून 20 किंवा 38 महिने थांबावं लागतं, तो वर किती काळ पडून होता त्यानुसार. युरोपात चराईसाठी किमान तीन आठवडे, कच्च्या खायच्या आणि मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी 10 महिने. आमचा एजंट म्हणाला होता, उद्या पेरा! त्याला घाई असणारच. गाळ सुरक्षित जिरवायला कारखान्याला खर्च येतो, तो वाचवायला कंत्राटदार, आणि कंत्राटदाराला हवी असते कुणाची तरी जमीन. आम्हाला ‘फुकट’ मिळणाऱ्या प्रत्येक डंपरमागे कुणाला तरी पैसे मिळत होते.

डंपर रिकामे झाल्यावर ‘पोच’ म्हणून वडिलांची सही घेतली होती. त्या पोचपावतीच्या तिसऱ्या ओळीत होतं की माल शेतमालकाच्या मागणीवरून दिला आणि उतरवल्यानंतरच्या परिणामांची जबाबदारी त्याची. तक्रार केल्यावर हाच कागद पुढे आला. कारखाना म्हणतो, आम्ही कंत्राटदाराला दिला. कंत्राटदार म्हणतो, मागणीवरून दिला. एजंटाचा फोन लागत नाही. तक्रार अजून निकालात निघालेली नाही, पण फेटाळलीही गेलेली नाही, आणि ती त्या रुतलेल्या पट्ट्यावरच्या नमुन्यामुळे.

तो नमुना कसा घेतला तेही सांगतो, कारण पहिल्या वेळी प्रयोगशाळेच्या माणसानेच अडवलं. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरायची नाही, तिचंच जस्त नमुन्यात उतरतं. प्लास्टिकचं घमेलं आणि स्वच्छ खुरपं घ्यायचं, ढिगाच्या दहापंधरा जागांवरून वरचं, मधलं, खालचं थोडं थोडं उचलून एकत्र कालवायचं. शेजारच्या, गाळ न पडलेल्या तुकड्यातली मातीही वेगळ्या पिशवीत द्यायची, नाहीतर ‘तुमच्या जमिनीत आधीपासूनच होतं’ हे उत्तर तयार असतं.

परवानगीचे कागद पूर्ण असलेला माल घ्यायचा झाला तरी प्रत्येक डंपरमधून उतरण्याआधी दोन पिशव्या भरून घ्याव्यात. दोन्ही सीलबंद, त्यावर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि चालकाची सही, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. उजेडातच उतरवून घ्यावा. चालक सही द्यायला का कू करू लागला तर डंपर भरलेलाच परत पाठवावा, मग तो कितीही लांबून आलेला असो.