गोव्यात घर बदलताना मुलाची शाळा: सरकारी, अनुदानित, केंद्रीय विद्यालय (केव्ही), की वर्ष संपेपर्यंत जुनीच?

साखळीहून पर्वरीला, वाळपईहून फोंड्याला नाहीतर बांद्याहून म्हापशाला बिऱ्हाड हलवायचं ठरलं की फ्लॅट बघून होतो, डिपॉझिट दिलं जातं, आणि मग कुणाला तरी आठवतं की पोरगी दुसरीत आहे, तिच्या शाळेचं काय. जे आत्ता ह्या विचारात आहेत त्यांच्यासाठी सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघतोय. गोव्यात प्राथमिक शाळेत जागा मिळणं हे काही अवघड नाही. अवघड आहे ती अमुकच शाळेतली जागा, आणि लोक ह्या दोन गोष्टींची गल्लत करतात, एका नावाजलेल्या शाळेने नाही म्हटलं की आता पोर घरीच बसणार असं समजून धावपळ करतात.

माझं मत विचाराल तर मोजायला सुरुवात पाचवीपासून करा आणि तिथून उलटं मागे या. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी, पाचवीला पोर हायस्कूलमध्ये जातं, आणि तिथे बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजीच. म्हणजे आत्ता जी शाळा शोधताय ती जास्तीत जास्त चार वर्षांची, मूल तिसरीत असेल तर दोनच वर्षांची, पुढे बदल होणारच आहे. मराठवाड्या-पुण्याकडून आलेल्या लोकांना हे चटकन लक्षात येत नाही आणि ते एकदाच काय ते दहावीपर्यंतचं करून टाकू म्हणून पहिल्या दिवसापासून महागडी शाळा धरतात.

आता सरकारी प्राथमिक शाळा आणि अनुदानित खासगी शाळा समोरासमोर ठेवू, कारण खरी निवड बहुतेकांची ह्या दोनांतच असते.

सरकारी शाळा जवळ असते. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावागावांत, वाड्यावाड्यांवर मराठी शाळा निघाल्या, त्यामुळे आजही बहुतेक ठिकाणी चालत जाण्याइतक्या अंतरावर एखादी सापडते, मराठी नाहीतर कोकणी माध्यमाची. प्रवेश वर्षभरात कधीही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात स्पष्ट आहे की मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही नाही म्हणता येत नाही, जन्मदाखला नाही म्हणून अडवता येत नाही, वयाप्रमाणे त्या त्या वर्गात बसवायचं. पुस्तकं फुकट, मधल्या वेळचा आहार, जो आपल्याकडे स्वयंसहाय्य गटांच्या बायका करतात, भाजीपाव वगैरे. उलट बाजूही आहेच. बऱ्याच शाळांत पटसंख्या इतकी कमी की एकच बाई पहिली ते चौथी एकत्र घेऊन बसलेल्या असतात. त्या चांगल्या असल्या तर पोराचं नशीब उघडलं, खरंच, इतकं वैयक्तिक लक्ष कुठेच मिळत नाही, पण त्या रजेवर गेल्या किंवा निवडणुकीच्या ड्युटीवर गेल्या की काय ते विचारू नका. म्हणून शाळेचं नाव, इमारत, रंगरंगोटी हे सोडा, शिक्षक किती आणि पट किती एवढे दोन आकडे विचारा. कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक लागतो.

अनुदानित शाळेत वर्ग भरलेला, मैत्रिणी भरपूर, गॅदरिंग, स्पर्धा, आणि बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी शाळेची बस. हा बालरथ छोटा मुद्दा वाटतो पण दोघंही नोकरीला असाल तर निम्मा निर्णय तोच करतो. पण ह्या शाळांत पहिलीची जागा पहिलीत भरत नाही, ती केजीत भरते. त्यांच्याच केजीची मुलं वर सरकतात आणि बाहेरून येणाऱ्याला उरतात त्या कुणी सोडून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या दोन-चार जागा. म्हणून गंमत अशी की पहिलीपेक्षा दुसरी-तिसरीत जागा मिळायची शक्यता कधी कधी जास्त, कारण बदल्या होतात, लोक मुंबई-बेंगळुरूला जातात. फोन करून 'ॲडमिशन आहे का' विचारलं तर क्लार्क नाहीच म्हणणार. प्रत्यक्ष जाऊन अर्ज देऊन ठेवायचा, मे संपता संपता आणि परत गणेश चवथीच्या सुट्टीआधी एकदा डोकावायचं.

हक्काचं बोलायचं तर त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे घर बदललं किंवा कुठल्याही कारणाने शाळा बदलायची झाली तर सरकारी आणि अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क मुलाला आहे, टीसी ताबडतोब द्यायची, आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. हे छान आहे पण पूर्ण नाही. विनाअनुदानित शाळा ह्यात येत नाहीत, केंद्रीय विद्यालयं येत नाहीत. आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक संस्थांना, अनुदानित असल्या तरी, हा कायदा लागू नाही असं ठरवलं, म्हणजे चर्चच्या मंडळाच्या शाळा, ज्या गोव्यात इंग्रजी प्राथमिकमध्ये सगळ्यात जास्त मागणीत आहेत, तिथे कलम ५ घेऊन गेलात तर फादर शांतपणे ऐकून घेतील आणि वेटिंग लिस्टमध्ये नाव लिहितील. तिथे विनंती चालते, भांडण नाही.

माध्यमाचं प्रकरण वेगळंच. १९९० पासून अनुदान फक्त मराठी-कोकणी प्राथमिकला होतं, २०११ मध्ये इंग्रजीला मिळालं, त्यावरून किती आंदोलनं झाली, पुढे सरकारं पडायची भाषा झाली, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. त्यात आत्ता जात नाही. पालक म्हणून प्रश्न एवढाच की मराठी माध्यमातलं तिसरीतलं पोर घर बदलताना इंग्रजीत टाकायचं का? मी म्हणेन नको. नवं घर, नवे शेजारी, नवी शाळा, आणि वर बेरीज-वजाबाकीला नवे शब्द, हे सगळं एकदम कशाला. पाचवीत इंग्रजी येणारच आहे, तोपर्यंत मराठी शाळेतलं इंग्रजी आणि घरी थोडं वाचन एवढं पुरतं, गोव्यातल्या कितीतरी पिढ्या अशाच गेल्यात. पहिलीत जाणारं मूल असेल आणि घरात इंग्रजी सांभाळणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सुरुवातीपासून इंग्रजी घ्या, माझा काही हट्ट नाही.

केंद्रीय विद्यालयाचं थोडक्यात. वास्को, फोंडा, बांबोळी, वेरे ह्या बाजूला आहेत. केंद्र सरकारी नोकरी असेल आणि बदलीवर आला असाल तर डोळे मिटून तिकडे जा, एका केव्हीतून दुसऱ्या केव्हीत सोपं जातं, फी नाममात्र, आणि पाचवीची भानगडच नाही, बारावीपर्यंत तिथेच. बाकीच्यांना पहिलीसाठी ऑनलाइन अर्ज आणि प्राधान्यक्रमात शेवटचा नंबर, दुसरीपासून वर जागा रिकामी असेल तरच. मराठी मात्र सुटतं, हे आधीच ठरवून घ्या, नंतर आजोबांनी पाठवलेलं पत्र वाचता येत नाही म्हणून हळहळू नका. विनाअनुदानित सीबीएसई शाळा म्हणाल तर पैसे मोजले की ऑगस्टमध्येही दार उघडतं. प्रवेशाची फी, वार्षिक फी, बसची फी असं सगळं लेखी मागा, आणि अर्ध्या वर्षात आलात तरी पूर्ण वर्षाचे घेणार का ते विचारा. मुलाची मुलाखत, परीक्षा, डोनेशन ह्याला कायद्याने बंदी आहे, पण 'सहज गप्पा' मारायला बोलावतातच.

आता सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. शाळा बदलूच नका, निदान वर्ष संपेपर्यंत. मूल चौथीत असेल तर माझं उत्तर हेच आहे, कारण जूनमध्ये पाचवीला बदल होणारच, मग सहा महिन्यांसाठी मध्ये अजून एक शाळा कशाला. पण अंतर बघा. फोंडा ते मडगाव रोज स्कूटरवर जुलैच्या पावसात सहा-सात वर्षांच्या पोराला घेऊन, हे बोलायला सोपं आहे. पर्वरीला पुलाच्या कामाने सकाळी काय होतं ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. कामाच्या वाटेवर जुनी शाळा असेल, किंवा जुन्या गावात आजी-आजोबा असतील आणि पोर दुपारी तिथे जेवून थांबणार असेल, तर जमतं. आपल्या शाळा दुपारी एक-दीडला सुटतात, म्हणून 'दुपारी पोराकडे कोण' ह्या प्रश्नाचं उत्तर ज्या शाळेजवळ आहे ती शाळा, असा साधा हिशोब लावला तरी निम्मी डोकेदुखी जाते. पाळणाघर प्रत्येक वाड्यावर नसतं.

पहिली-दुसरीतलं मूल असेल तर मी उलट सांगेन. सरळ नव्या घराजवळच्या सरकारी किंवा अनुदानित मराठी शाळेत घाला, हव्या त्या शाळेत अर्ज टाकून ठेवा, जागा निघाली तर पुढच्या जूनला हलवा. लहान मुलं पंधरा दिवसांत रुळतात, आपणच महिनोन्महिने कुढत बसतो. तिसरीतलं मूल मधोमध अडकतं, तिथे माध्यम तेच ठेवून जवळची शाळा, एवढंच म्हणेन. आणि कुठेही घातलंत तरी तिथली चौथीची मुलं पाचवीला कुठे जातात ते विचारा, कारण ज्या संस्थेची स्वतःची प्राथमिक आहे ती आपल्याच मुलांना आधी घेते आणि बाहेरच्यांना उरलेलं. शेजारच्या सरकारी शाळेतली मुलं दरवर्षी त्याच हायस्कूलला जात असतील तर काळजी नको.

कागदांचं: जन्मदाखला, टीसी, प्रगतिपुस्तक, आधार, लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार नाहीतर वीजबिल, आणि मुलाचा पेन नंबर. हा पेन म्हणजे यूडायसवरचा, सरकारच्या शाळा-नोंदीच्या पोर्टलवरचा, मुलाचा कायमचा नंबर, आणि आजकाल खरी अडचण इथेच होते. जुन्या शाळेने पोर्टलवर मुलाला 'सोडलं' नाही तर नव्या शाळेला त्याचं नाव ओढून घेता येत नाही, मग मूल वर्गात बसतंय पण नोंद जुन्याच शाळेत. आमच्या ओळखीतल्या एका घरी कागदी टीसी हातात होती तरी हे चवथ उलटून गेली तोवर लोंबकळत राहिलं, जुन्या शाळेत कॉम्प्युटरचं बघणाऱ्या टीचर रजेवर होत्या म्हणून. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी तर हे सावंतवाडी सोडायच्या आधीच करून घ्या, आणि टीसीवर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते का ते नव्या शाळेला आधी विचारा, पुन्हा उलटी खेप नको. कुणी अडवलंच तर पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात थेट जायच्या आधी तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे कुणाला आठवत नाही.