मनगटातलं इंजेक्शन, पाच महिन्यांनंतर

माझं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या दीडशे पोळ्या. गेल्या वर्षी रात्री अडीच-तीनला उजवा हात बधिर होऊन जाग यायला लागली. उठून बसायचं, थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायचा, मग जरा बरं. आधीच्या एका डॉक्टरांनी मानेचं दुखणं ठरवून दोन महिने गळ्याला पट्टा घालायला लावला. पट्टा घालून पोळ्या लाटणं काय असतं ते विचारू नका.

हा रिव्ह्यू ज्या हाताच्या दवाखान्याचा आहे, तिथे डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "ताई, बधिर कुठली बोटं होतात?" अंगठा, शेजारची दोन आणि अनामिका, तीही अर्धीच. करंगळी ठणठणीत. कार्पल टनेल, म्हणाले; मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दाबली जातेय. मग एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघायची तपासणी, करून खात्री केली. त्या तपासणीतले विजेचे चटके सुईपेक्षा वाईट, आधीच सांगून ठेवते.

इंजेक्शन स्टिरॉइडचं, ४० मिलिग्रॅम. सोनोग्राफीवर बघत मनगटाच्या घडीपाशी देतात. "बोटांत करंट गेला तर लगेच बोला, पण हात हलवू नका." एकदा गेला. मी "आई गं" म्हणताच त्यांनी सुई मागे घेतली. पाच मिनिटांचं काम. दोन दिवस मनगट ठणकलं, आणि पाचव्या रात्री जी झोपले ती दूधवाल्याने बेल वाजवल्यावरच उठले!

एक स्टार कापतेय तो साखरेसाठी. मला डायबेटिस आहे, केसपेपरवर तसं लिहिलेलंही होतं. तरी स्टिरॉइडने काही दिवस साखर चढते हे कुणी सांगितलं नाही. उपाशीपोटी १३० असणारी २१० दिसली तेव्हा मीच घाबरून फोन केला. चपला कुठे काढायच्या याच्या तीन पाट्या आहेत रिसेप्शनला. ही एक नाही.

डॉक्टरांनी भलती आशा मात्र लावली नाही. हे कायमचं नाही, काही महिने मिळतील, तेवढ्यात हाताला आराम द्या, म्हणाले. मी रात्री स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारा पट्टा) लावते, कणीक मळायचं मशीन घेतलं. लाटणं काही सुटत नाही. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसायला लागला तर सुईच्या नादी न लागता ऑपरेशन, असंही बजावलंय. गेल्या आठवड्यापासून पहाटे पुन्हा थोड्या मुंग्या येतायत. शुक्रवारची वेळ घेतलीय. या खेपेला ग्लुकोमीटर पिशवीत टाकलाय.